आठ कोनांचे घराणे

स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 मीटर उंचीवर, व्हॅले द जू नावाचे खोरे आहे. हिवाळा लांब, जमीन बेताची, आणि बर्फ पडले की बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला. तिथले शेतकरी थंडीचे महिने खिडकीच्या उजेडात घड्याळांचे सुटे भाग घडवण्यात घालवत. याच खोऱ्यातल्या ल ब्रासू गावी 1875 मध्ये ज्यूल लुई ओदमार आणि एडवर्ड ओग्यूस्त पिगे या दोन तरुणांनी भागीदारी केली. दोघेही पंचविशीच्या आतले. ओदमार यंत्राची बाजू सांभाळत, पिगे बाजाराची. 1881 मध्ये ‘ओदमार पिगे’ हे नाव रीतसर नोंदवले गेले. कंपनी आजही संस्थापकांच्या घराण्यांच्याच ताब्यात आहे. पुढची हकिगत वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे, कारण शेअर बाजाराला उत्तरे द्यावी लागली असती तर यातले निम्मे निर्णय झाले असते का, याची शंकाच आहे.

सुरुवातीपासून या मंडळींचा ओढा अवघड कामाकडे. 1882 ते 1892 या दहा वर्षांत त्यांच्याकडून सुमारे 1,600 घड्याळे बाहेर पडली. त्यांतल्या बहुतेकांत वेळ दाखवण्यापलीकडचे काहीतरी होते: कुठे तासांचे ठोके, कुठे चंद्रकला, कुठे तारीख-वार. आणि 1951 पर्यंत या कारखान्यातून एकसारखी दोन घड्याळे निघालीच नाहीत. यंत्र तेच असले तरी तबकडी वेगळी, काटे वेगळे, पेटी वेगळी. गिऱ्हाईक बघून घड्याळ करायचे, ही तिथली रीत. अशा घराण्याची ओळख पुढे एका आकारात येऊन थांबावी, आणि तो आकारही बाहेरच्या माणसाने एका रात्रीत काढलेला असावा! 1972 नंतरचा या संस्थेचा इतिहास म्हणजे त्या आकाराला किती हात लावायचा आणि कुठे थांबायचे, याच वादाचा इतिहास आहे.

तो बाहेरचा माणूस म्हणजे जेराल्ड जेन्टा. 1931 चा, जिनिव्हाचा. शिक्षण दागिने घडवण्याचे, हौस चित्रांची, आणि पोटासाठी घड्याळ कंपन्यांना रेखाटने विकायची. त्याने केलेली घड्याळे लोकांच्या मनगटावर होती, पण त्याचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. त्या काळी तसाच रिवाज होता. ओदमार पिगेचे प्रमुख झॉर्ज गोले त्याच्याकडून अधूनमधून काम करून घेत. जेन्टा पुढे सांगत असे ती गोष्ट अशी: बाझेलचे घड्याळ प्रदर्शन तोंडावर आलेले, दुपारी चारच्या सुमारास गोलेंचा फोन आला. इटलीच्या विक्रेत्यांना पोलादाचे एक वेगळेच घड्याळ हवे आहे, पाणी आत न शिरणारे, कुणी न पाहिलेले; आणि रेखाटन उद्या सकाळी पाहिजे. जेन्टा रात्रभर बसला. लहानपणी जिनिव्हात त्याने पाणबुड्याच्या डोक्यावर शिरस्त्राण चढवताना पाहिले होते. काचेभोवती धातूचे कडे, कड्यावर बोल्ट, मध्ये रबर. ते त्याने मनगटावर आणले.

त्या रेखाटनातून झालेल्या रॉयल ओक या घड्याळाने कंपनीला बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेतून वाचवले, असे सर्रास लिहिले जाते. तारखा मात्र नीट जुळत नाहीत. सेइकोचे पहिले क्वार्ट्झ घड्याळ डिसेंबर 1969 चे हे खरे, पण स्विस घड्याळांची निर्यात 1974 पर्यंत चढतीच होती. खरा तडाखा नंतर बसला. 1970 मध्ये या धंद्यात सुमारे 90 हजार माणसे होती. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जेमतेम तिसरा हिस्सा उरला. गोलेंनी फोन केला तेव्हा संकट दारात उभे नव्हते. इटलीतला पैसेवाला माणूस सूट उतरवून नावेवर, बर्फावर, गाडीत वेळ घालवू लागला होता, आणि सोन्याचे नाजूक घड्याळ तिथे शोभत नव्हते, एवढीच गोलेंची जाण होती. पुढे वादळ आले तेव्हा हे घड्याळ हाताशी होते, हे नशीब. नशिबाला दूरदृष्टी म्हणायचा मोह स्मरणिकांना फार होतो.

आता प्रत्यक्ष घड्याळाकडे. काचेभोवतीच्या कड्याला बेझेल म्हणतात. ते इथे अष्टकोनी आहे, पण कोपरे बोचरे नाहीत. बाजू किंचित फुगीर आहेत. त्यावर आठ षटकोनी डोकी दिसतात आणि प्रत्येकावर स्क्रूसारखी खाच आहे. आठही खाचा एकाच वर्तुळाच्या रेषेत, एकही इकडे-तिकडे कललेली नाही. स्क्रू आवळल्यावर खाच कुठे थांबेल हे कुणाच्या हाती नसते, मग हे जमले कसे? जमले, कारण ते स्क्रू नाहीतच. षटकोनी डोके बेझेलमधल्या षटकोनी खोबणीत चपखल बसते आणि तिथे हलूच शकत नाही. बोल्ट बेझेलमधून, पेटीमधून आरपार मागे जातो आणि आवळणे होते ते मागून. समोरची खाच निव्वळ शोभेची. घड्याळ पोलादाचे असले तरी ही डोकी व्हाइट गोल्डची. बेझेल आणि पेटी यांच्यामध्ये कुकरच्या झाकणाला असते तशी काळी रबरी रिंग आहे, आणि तिची कड बाजूने उघड दिसते. त्याआधी उंची घड्याळांत अशा गोष्टी लपवण्यात कसब मानले जाई. जेन्टाने त्या दर्शनी भागावर आणून ठेवल्या. मूळ नमुन्याला मागचे झाकण नव्हते. पेटी एकसंध, यंत्र वरून आत उतरवायचे आणि त्यावर बेझेल आवळायचे.

ही रचना करवून घेणे रेखाटण्याहून अवघड निघाले. नमुन्याच्या पेट्या व्हाइट गोल्डमध्ये घडवल्या गेल्या, कारण त्या काळच्या हत्यारांना पोलादापेक्षा ते सोपे जात होते. पृष्ठभाग बारीक रेघांचा, मंद, आणि त्याच्या कडेला आरशासारखी चकचकीत उतरती पट्टी. या दोन्हींची सीमारेषा केसाइतकी स्वच्छ हवी. हात जरा घसरला की ती पुसट होते आणि घड्याळाचा चेहराच जातो. पट्टा गे फ्रेर या कारखान्याने केला. तो वेगळा जोडलेला वाटत नाही. पेटीतून निघतो आणि चापाकडे जाताना निमुळता होत जातो, त्यामुळे त्याच्या कड्या एका मापाच्या असून चालत नाही. तबकडीवर बारीक चौकटींचे नक्षीकाम आहे, त्याला ‘तापिसरी’ म्हणतात. एका जुन्या धाटणीच्या यंत्रावर मोठ्या नमुना-चकतीवरून एक टोक फिरते, आणि दुसऱ्या टोकाची पाती तेच नक्षीकाम लहान करून तबकडीवर कोरते. चौकटींमधल्या फटींतही हिऱ्याच्या आकाराचे सूक्ष्म खळगे पडतात. ते उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण उजेड पडला की तबकडी खोल वाटते ती त्यांच्यामुळे. रंग रात्रीच्या आभाळासारखा निळा. कारखान्याच्या वहीत त्याची नोंद ‘ब्लू नुई, नुआज 50’ अशी.

घड्याळाचा व्यास 39 मिलिमीटर. आज हे माप मध्यम वाटेल. 1972 मध्ये लोकांनी त्याला ‘जंबो’ म्हटले आणि ते नाव चिकटले. पण जाडी फक्त 7 मिलिमीटर. एवढे पसरट घड्याळ इतके पातळ राहिले ते आतल्या 2121 या यंत्रामुळे. तारखेसह त्याची जाडी 3.05 मिलिमीटर. मनगटाच्या हालचालीने फिरणारे वजन एवढ्या कमी जागेत लोंबू नये म्हणून त्याची कड चार माणकांच्या रुळांवर फिरते. या यंत्राचे मूळ 1967 चे आणि ते त्याच खोऱ्यातल्या जेजर-लकुल्त्र कारखान्यात तयार झाले. गंमत म्हणजे खुद्द जेजर-लकुल्त्रने ते आपल्या नावाच्या घड्याळात कधी घातले नाही.

नाव ‘रॉयल ओक’. 1651 मध्ये वुस्टरची लढाई हरल्यावर इंग्लंडचा दुसरा चार्ल्स ज्या ओक वृक्षात लपला तो हा राजवृक्ष, आणि त्याच्यावरून ब्रिटिश आरमाराच्या अनेक जहाजांना पडलेले नाव. त्या जहाजांच्या अष्टकोनी खिडक्यांवरून हा आकार सुचला, असे कंपनीच्या जाहिरातींतून वर्षानुवर्षे सांगितले गेले. आकार आधी आला, नाव मागाहून. पण आरमाराची गोष्ट विकायला बरी, पाणबुड्याच्या टोपापेक्षा जरा खानदानी.

15 एप्रिल 1972 रोजी बाझेलच्या प्रदर्शनात 5402 क्रमांकाचा हा नमुना मांडला गेला. किंमत 3,000 स्विस फ्रँकहून जास्त. एवढ्या पैशात सोन्याचे चांगले घड्याळ येत होते, आणि इथे पोलाद, वर उघडे बोल्ट! शेजारपाजारच्या दालनांतून भुवया उंचावल्या. पहिली मालिका ‘ए’ अक्षराची. तिचा खप संथच होता. इटलीने मात्र आधी उचलले. फियाटचे जियानी अन्येल्ली यांच्यासारखी माणसे ते घालू लागली आणि पोलाद महाग असू शकते, ही गोष्ट हळूहळू लोकांच्या गळी उतरली. चार वर्षांत खात्री पटवणारा पुरावा आला. 1976 मध्ये जेन्टानेच पाटेक फिलिपसाठी नॉटिलस आणि आयडब्ल्यूसीसाठी इंजेनियर केले. 1977 मध्ये व्हाशरों कॉन्स्तान्तँने 222 आणले, ते योर्ग हायसेकच्या हातचे. नॉटिलस आणि 222 यांच्या पोटातही तेच 1967 चे यंत्र होते. प्रतिस्पर्धी इतके जवळचे असावेत, हे त्या खोऱ्यालाच शोभते.

यानंतरच्या कथेत ज्यांचे नाव फार उशिरा घेतले जाऊ लागले त्या म्हणजे जाकलीन दिमिए. रोलेक्समध्ये काम केलेल्या दिमिए 1975 मध्ये ओदमार पिगेच्या रचना विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्यापुढे पहिले काम आले बायकांसाठी रॉयल ओक करण्याचे. वरवर सोपे वाटणारे हे काम होते. 39 मिलिमीटरचे चित्र 29 वर आणायचे. पण चित्र आटवले की सगळे बिघडते. बोल्ट त्याच प्रमाणात बारीक केले तर ठिपक्यांसारखे दिसतात, मोठे ठेवले तर बेझेलवर दाटी होते, रेघांचा आणि चकाकीचा तोल सुटतो. दिमिए यांनी प्रत्येक प्रमाण नव्याने बांधले आणि 1976 मध्ये 8638 क्रमांकाचे घड्याळ आले. ते पाहताना कुणाचीतरी छोटी आवृत्ती पाहतो आहोत असे वाटत नाही. जेन्टाने एक घड्याळ काढले. त्या एका घड्याळाची मालिका होऊ शकते, हे दिमिए यांनी दाखवले. माझ्या मते या घराण्यावर त्यांचे ऋण जेन्टाच्या खालोखाल नाही, बरोबरीचे आहे. पाठोपाठ सोन्याचे, सोने-पोलादाचे, 35 मिलिमीटरचे असे नमुने आले आणि पोलादाचा हट्टही सैल झाला.

1978 मध्ये आणखी एक गोष्ट घडली, आणि तीही चोरून. क्वार्ट्झपुढे यांत्रिक घड्याळाचे काय होणार, अशा काळजीच्या दिवसांत ल ब्रासूमधल्या तीन कारागिरांनी कामाची वेळ संपल्यावर बसून पर्पेच्युअल कॅलेंडर असलेले यंत्र तयार केले. असे घड्याळ महिना 30 चा की 31 चा, फेब्रुवारी 28 चा की 29 चा, हे स्वतः ओळखते; दातेरी चक्रांत चार वर्षांचा हिशोब कोरलेला असतो. ते चुकणार ते 2100 मध्ये, कारण ते वर्ष चाराने भाग जाऊनही लीप वर्ष नाही. यंत्राची जाडी 3.95 मिलिमीटर. गोलेंनी ते पाहिले आणि धोका पत्करून उत्पादनाला घेतले. 1984 मध्ये ते रॉयल ओकच्या अष्टकोनात बसले. इथे संस्थेच्या दोन वाटा पहिल्यांदा नीट एकत्र आल्या: एकोणिसाव्या शतकापासूनचा अवघड यंत्रांचा नाद आणि 1972 चा बोल्टवाला चेहरा.

पुढचा मोठा प्रसंग म्हणजे ऑफशोअर. 1989 मध्ये कंपनीचे सहप्रमुख स्टीफन अर्कर्ट यांनी एमान्युएल ग्वेई या विशीतल्या रचनाकाराला सांगितले, तरुणांना आवडेल असे रॉयल ओक कर. ग्वेईने पातळपणा, नजाकत, संयम सगळे बाजूला सारले. व्यास 42 मिलिमीटर. काळी रिंग रेघेपुरती होती ती जाड पट्टी झाली. चावीला आणि स्टॉपवॉचच्या बटणांना रबराचे कवच आले. आत यंत्राभोवती चुंबकत्व अडवणारे मऊ लोखंडाचे आवरण. कारखान्यातल्यांनाच ते रुचले नव्हते. विसाव्या वर्षासाठी ठरलेले घड्याळ 1993 पर्यंत लांबले आणि पहिल्या शंभरांच्या पाठीवर ‘ऑफशोअर’ हा शब्दसुद्धा कोरला नाही. जणू अंगाशी आले तर नाकबूल करता यावे. प्रदर्शनात जेन्टा दालनात शिरला आणि माझ्या घड्याळाचा सत्यानाश केला म्हणून ओरडला, असे ग्वेईनेच पुढे सांगितले आहे. लोकांनी घड्याळाला ‘बीस्ट’ म्हणजे जनावर असे नाव ठेवले आणि मग तेच आवडीने घेऊ लागले.

जेन्टाचा राग समजण्यासारखा आहे, पण एक गोष्ट त्याच्या बाजूने जात नाही. त्याचे स्वतःचे रॉयल ओक होते पोलादाचे, आणि त्यावर त्याने बेझेल मात्र पिवळ्या सोन्याचे बसवून घेतले होते. ते घड्याळ 2022 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात 21 लाख फ्रँकना गेले. मूळ रचनेत पहिली ढवळाढवळ करणाऱ्यांत रचनाकारही होता म्हणायचा.

ऑफशोअरने दार उघडले ते मग बंद झालेच नाही. 1999 मध्ये आर्नोल्ड श्वार्झनेगरच्या ‘एंड ऑफ डेज’ या चित्रपटानिमित्त काळ्या रंगाची मर्यादित आवृत्ती आली आणि इथून नटांच्या, गायकांच्या, खेळाडूंच्या नावांची रांग लागली. आपल्याकडच्या वाचकांना त्यातले एक नाव सांगायलाच हवे. सचिन तेंडुलकर या घराण्याशी जोडला गेला आणि त्याच्या नावाचे ऑफशोअरही निघाले. या आवृत्त्यांतल्या बऱ्याच आज आठवतही नाहीत. पण त्यांच्या आडून धातूंचे प्रयोग झाले, ते टिकले. 2002 मध्ये तिसाव्या वर्षी ‘कॉन्सेप्ट’ आले, अ‍ॅलाक्राइट या कठीण मिश्रधातूच्या पेटीचे, जणू उद्याचे यंत्र आज हातात. 2007 मध्ये फोर्ज्ड कार्बन, म्हणजे साच्यात दाबलेले कार्बनचे तंतू, ज्यात प्रत्येक पेटीवरची नक्षी वेगळी पडते. 2017 मध्ये काळ्या सिरॅमिकचे पर्पेच्युअल कॅलेंडर. पोलादी पट्टा घडवून, घासून, जुळवायला सहा तास लागतात, तिथे सिरॅमिकच्या पट्ट्याला तीस लागले. रेघा आणि चकाकी यांची ती सीमारेषा सिरॅमिकवरही तितकीच स्वच्छ ठेवायची होती, म्हणून.

दरम्यान मूळ घड्याळाची वंशावळ शांतपणे चालू होती. 1992 मध्ये विसाव्या वर्षानिमित्त 14802 आले, 1,000 नग, आणि त्यात पाठीमागून यंत्र दिसू लागले. 2000 पासून 15202. त्याच्या जोडीला थोडे जाड, रोजच्या वापराचे नमुने: 2005 चे 15300, 2012 चे 41 मिलिमीटरचे 15400, मग 15500. व्यास वाढला की बेझेलच्या आतली तबकडी मोकळी पडते आणि तारखेची खिडकी काठापासून आत सरकल्यासारखी वाटते. जुन्या चाहत्यांची ती तक्रार मला रास्त वाटते. जंबोचा व्यास मात्र कुणी बदलला नाही. 2018 मध्ये तर कारखान्याने उलटी उडी घेतली. पर्पेच्युअल कॅलेंडरचे एकावर एक असणारे थर एकाच पातळीवर आणून यंत्र 2.89 मिलिमीटरचे केले आणि अख्खे घड्याळ 6.3 मिलिमीटरचे. 1972 मध्ये फक्त तास, मिनिटे आणि तारीख दाखवणारे घड्याळ याहून जाड होते.

2022 मध्ये पन्नाशी झाली. 15202 ला निरोप मिळाला, आणि 2121 या यंत्रालाही; एका यंत्राने एका मालिकेत अर्धशतक काढणे ही या धंद्यात दुर्मिळ गोष्ट. नव्या 16202 मध्ये 7121 आहे. किल्ली पूर्ण दिल्यावर ते 55 तास चालते, आणि तारीख झटकन बदलता येते. जुन्यात तेवढ्यासाठी काटे पुढे-मागे फिरवत बसावे लागे. बाहेरून दोन्ही शेजारी ठेवली तर नवखा माणूस ओळखणार नाही. व्यास 39 मिलिमीटरच.

वर्षाला सुमारे 50 हजार घड्याळे करणाऱ्या या घराण्यापुढे आज खरा प्रश्न रॉयल ओकच्या यशाचाच आहे. नवे प्रमुख आले की वेगळे काही करण्याचा विचार होतो. फ्रान्स्वा-आंरी बेनामियास यांच्या कारकिर्दीत, 2019 मध्ये, ‘कोड 11.59’ नावाची गोल घड्याळांची मालिका मोठ्या थाटात आली आणि पहिल्या आठवड्यात तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. पुढे ती सुधारत गेली, हेही खरे. तिचे बेझेल गोल, पाठ गोल. पण बाजूने धरून पाहिले की दोन्हींच्या मध्ये पेटीचा मधला भाग दिसतो, आणि तो अष्टकोनी आहे.

इलारिया रेस्टा जानेवारी 2024 मध्ये प्रमुख झाल्या. 2025 मध्ये दीडशेव्या वर्षी कंपनीने नवे पर्पेच्युअल कॅलेंडर आणले. यात तारीख, वार, महिना, चंद्रकला सगळे एका चावीने लावता येते. याआधी पेटीच्या बाजूला दडलेली बारीक बटणे सुईसारख्या हत्याराने दाबावी लागत आणि घाईत पेटीवर ओरखडे उठत. हे यंत्र एकाच दिवशी तीन घड्याळांत सादर झाले. त्यांतले एक कोड 11.59, आणि दोन रॉयल ओक.